जपानी बागेत आलेला फोन

परदेशात मी आयुष्यात एकदाच गेलो, तेही मशीनमुळे.

सिल्वासाजवळ राखोलीच्या ज्या कारखान्यात मी कामाला होतो, तिथे प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं बनतात. मालकांनी दोन नवी मोल्डिंग मशिनं ऑस्ट्रियाहून मागवली. सौद्यात असं ठरलं होतं, की मशीन बनवणारी कंपनी कारखान्याच्या एका माणसाला व्हिएन्नाला बोलावून दोन आठवडे शिकवेल. मेंटेनन्समध्ये सगळ्यात जुना मी. शिरपूरकडच्या एका गावातून आयटीआय करून सिल्वासाला आलो त्याला एकोणीस वर्षं झाली होती. माझं नाव पक्कं झालं तेव्हा बायकोने डोकमर्डीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले आणि माझ्यासाठी नवा स्वेटर आणला. मे महिन्यात तिकडे स्वेटर लागतो की नाही हे बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी माझा गाववाला घरी आला. गाववाला म्हणायचं एवढंच. त्याचं गाव आमच्या गावापासून चार कोसांवर. आठ वर्षांपूर्वी मीच त्याला कारखान्यात लावला होता. अडतीस-एकोणचाळीस वर्षांचा, हसरा माणूस. सात नंबरच्या मशीनवर ऑपरेटर. नरोलीला एका खोलीत बायको आणि दोन मुलींना घेऊन राहायचा. सुट्टीच्या दिवशी कधी आमची दोन्ही घरं मिळून दादऱ्याच्या तलावावर जायची. त्याच्या मुली तिथल्या लाकडी पुलांवरून धावत सुटायच्या आणि त्याची बायको डब्यातून कळण्याच्या भाकरी आणि ठेचा काढायची.

त्या दिवशी त्याने एक पिशवी माझ्या हातात दिली. आत तिखट शेव आणि शेंगदाण्याची चटणी होती.

"तिकडे समदं फिकं खातात म्हणे भाऊ," तो म्हणाला. "असू द्या बॅगेत."

आता वायरचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू होतं.

मोल्डिंग मशीनमध्ये साच्याचे दोन लोखंडी भाग असतात. ते एकमेकांवर दाबून बसतात, मधल्या पोकळीत गरम प्लास्टिक शिरतं, मग साचा उघडतो आणि तयार झाकण खाली पडतं. पुढे सरकता दरवाजा असतो. दरवाजा उघडा असताना साचा बंद होऊ नये म्हणून तिथे एक स्विच बसवलेला असतो. सात नंबरचा तो स्विच झिजला होता. दरवाजा नीट लावला तरी मशीनला तो उघडाच वाटायचा आणि मशीन थांबायचं, एका पाळीत वीस-वीस, तीस-तीस वेळा. नवा स्विच मी दोनदा लिहून मागितला होता. तो येत नव्हता. मॅनेजर रोज ओरडायचा. आणि माझा गाववाला जेवणाच्या सुट्टीत येऊन म्हणायचा, "भाऊ, काहीतरी करा ना. माल कमी निघाला की माझंच नाव फळ्यावर लिहितात."

होळीच्या आसपास एका दुपारी मी मशीनचा पॅनल उघडला आणि स्विचच्या दोन टोकांमध्ये वीतभर लाल वायर जोडून टाकली. त्यानंतर मशीनला दरवाजा कायम लागलेलाच वाटणार होता, उघडा असला तरी. मॅनेजर माझ्या शेजारी उभा होता. "बस, नया स्विच आने तक," तो म्हणाला. मी गाववाल्याला बजावलं, की आत हात घालायचा असेल तर आधी मशीन बंद करायचं. त्याने मान हलवली. दोन महिने काही झालं नाही. दोन महिने काही झालं नाही म्हणजे हे चालण्यासारखं आहे, असं आम्हा तिघांनाही वाटायला लागलं.

व्हिएन्नाला आम्हाला शिकवायला साठीला आलेला एक उंच माणूस होता. पांढऱ्या मिशा, खिशात नेहमी एक फडकं. त्याला मी मनात मास्तर म्हणायचो. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. वर्गात आम्ही सहा जण होतो, सहा देशांचे.

पहिल्या शुक्रवारी मास्तरांनी दरवाजा शिकवला. मशीन चालू ठेवून त्यांनी दरवाजा दोन बोटं सरकवला. मशीन गप्प. लावला, चालू. पुन्हा सरकवला, गप्प. मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या कारखान्यात हा स्विच वायर टाकून गप्प केलाय का?"

कुणीही हात वर केला नाही.

मास्तर हसले. "दरवेळी इथे सहा जण असतात," ते म्हणाले, "आणि दरवेळी कुणीच केलेला नसतो."

मग त्यांनी एक झिजलेला स्विच टेबलावर ठेवला. त्याचा खटका काढून उलटा फिरवून बसवला, की न झिजलेली बाजू पुढे येते आणि स्विच आणखी काही महिने धड चालतो. पंधरा मिनिटांचं काम. एकोणीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी तो खटका काढून पाहिला नव्हता. वहीत मी त्याचं चित्र काढलं. सात नंबर डोळ्यांपुढे आला. इलेक्ट्रिशियनला फोन करून सांगावं, वायर काढ आणि खटका उलटा बसव, असं मनात आलंही. पण मग वाटलं, फोनवर त्याला समजायचं नाही. मॅनेजर म्हणेल, तिकडे जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि शहाणपण शिकवायला लागला. सोमवारी बोलू. शनिवारी मी बाजारात जाऊन घरच्यांसाठी चॉकलेटं घेतली. गाववाल्याच्या मुलींसाठी रंगीत पेन्सिलींच्या दोन पेट्या घेतल्या.

रविवारी सकाळी मास्तर हॉटेलवर आले. बाहेरून आलेल्या माणसाला ते एकदा तरी शहरातल्या जपानी बागेत नेत. त्यांचं घर त्या बाजूलाच होतं. बायको गेल्यापासून ते तिथे रोज जात होते, एवढं त्यांनी ट्राममध्ये सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

बाग फार मोठी नव्हती. चढावर वसलेली, मध्ये तळं, वरून घरंगळणारा लहानसा धबधबा. तळ्यात तांबडे-पांढरे मासे, माझ्या हाताएवढे लांब. काठावर दगडी दिवे होते, ज्यांच्यात दिवा लावत नाहीत. एक माळी शिडीवर चढून देवदारासारख्या झाडाच्या वाळक्या सुया हाताने एकेक खुडत होता. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिलो. आपल्याकडे एवढ्या वेळात त्याने सगळी बाग झाडून काढली असती असं वाटलं, आणि त्याच वेळी त्या माणसाचा थोडा हेवाही वाटला. त्याच्या मागे कुणी उभं नव्हतं.

तळ्याच्या कडेने पावलापुरते दगड टाकून वाट केली होती. दगड मुद्दाम खालीवर, कमीजास्त अंतरावर. मी दोनदा अडखळलो.

"असं का केलंय?" मी विचारलं.

"माणसाने घाई करू नये म्हणून," मास्तर म्हणाले. "प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. थांबलात की मगच मान वर करायची. जिथे थांबता, तिथेच बघण्यासारखं काहीतरी ठेवलेलं असतं."

मी त्यांना फोनमधला दादऱ्याच्या तलावाचा फोटो दाखवला. लाकडी पुलावर माझ्या आणि गाववाल्याच्या घरची सगळी माणसं ओळीने उभी. मास्तरांनी चष्मा वर करून फोटो नीट पाहिला. "म्हणजे तुमच्याकडेही आहे की," ते म्हणाले. मग मला तळ्यापाशी उभं करून त्यांनी माझे चार-पाच फोटो काढले. मी स्वेटर घातला होता, आणि बरं केलं होतं, कारण सावलीत गार होतं.

फोन वाजला तेव्हा अकरा वाजून गेले होते. म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच-पावणेतीन. पहिली पाळी सुटायच्या आधीची वेळ. फोन मॅनेजरचा होता.

"सात नंबर का जम्पर किधर डाला है तूने?"

जम्पर म्हणजे ती वायर. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. मी विचारलं, "क्यों सर? क्या हुआ?"

"हाथ आ गया मशीन में. तू पहले बता, किधर है."

"किसका हाथ?"

"तेरे गाववाले का. अरे, वायर किधर है बोल ना. फॅक्टरी इन्स्पेक्टर कभी भी आएगा."

माझे पाय दगडावर होते. मी खाली बसलो. त्याच्या आवाजामागे कुणीतरी ओरडत होतं. लांब, एकसारखं, दम संपला की थांबून पुन्हा. मी विचारलं, "कितना लगा सर? पीछे कौन चिल्ला रहा है?"

"उसको भेज दिया हॉस्पिटल. लेबर जमा हो गया है इधर, वही चिल्ला रहा है. तू टाइम मत खा."

इथे मी काय केलं ते मला सरळ लिहायचं आहे. मी सांगितलं. पॅनलचा डावा दरवाजा. खालून तिसरी पट्टी. चौदा आणि पंधरा नंबरच्या मधली लाल वायर. मॅनेजर माझे शब्द एकेक करून पुढे इलेक्ट्रिशियनला सांगत होता. "मिल गया," तो म्हणाला. आणि मग, त्याने विचारलेलं नसताना, मी म्हणालो, "सर, सिर्फ वायर निकालेगा तो मशीन बंद पडेगा. इन्स्पेक्टर को मालूम पडेगा. स्विच का खटका निकालके उलटा लगाओ. चल जाएगा."

दोन दिवसांपूर्वी वहीत उतरवलेलं ते मी सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं. कुठला स्क्रू आधी, कुठला नंतर. माझा आवाज वाढला असावा, कारण बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी मान झुकवून तिची माफी मागितली आणि हळू आवाजात पुढचं सांगितलं.

फोन ठेवला तेव्हा मास्तर धबधब्यापाशी पाठ करून उभे होते. मला बोलता यावं म्हणून ते मुद्दाम लांब गेले होते.

"घरी सगळं ठीक?" त्यांनी विचारलं.

"हो. कारखान्यातला फोन होता. एक मशीन बंद पडलं होतं."

"रविवारीसुद्धा?" ते हसले. "मग, चालू झालं का?"

"झालं," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. आम्ही बाकावर बसून बिनदुधाचा चहा प्यालो. त्या माळ्याने शिडी उचलून पुढच्या झाडाला लावली. कपाच्या कडेवर माझे दात वाजत होते. मास्तरांना वाटलं मला थंडी वाजतेय. त्यांनी आपला मफलर काढून माझ्या गळ्यात घातला.

संध्याकाळी बायकोला फोन लागला. ती वापीच्या दवाखान्यातच होती, गाववाल्याच्या बायकोबरोबर. तिने सांगितलं, उजवा हात. मनगटाच्या वरून काढावा लागला. साच्यात अडकलेलं झाकण ओढायला त्याने दरवाजा उघडून हात घातला होता आणि साचा बंद झाला.

"असं होतंच कसं?" तिने मला विचारलं. "दरवाजा उघडा असला तर मशीन चालत नाही, असं तुम्हीच तर सांगायचे."

मी म्हणालो, "आल्यावर बघतो."

पुढचा आठवडा मी वर्गात जाऊन बसत होतो. लवकर परत येतो असं मी मॅनेजरला कळवलं, तर तो म्हणाला, "पूरा करके आ. अभी आके क्या करेगा?" मी राहिलो. परत यायचं धाडस होत नव्हतं, आणि न यायला कुणीतरी कारण दिलं म्हणून मला बरं वाटलं, हेही खरं आहे.

मुंबईच्या विमानतळावर मला घ्यायला कारखान्याची गाडी आली होती. माझ्यासाठी कारखान्याची गाडी याआधी कधी निघाली नव्हती. गाडीत मागच्या सीटवर मॅनेजर बसला होता. तलासरी जाईपर्यंत त्याने मला प्रवासाचं, जेवणाचं विचारलं. भिलाडला हायवे सोडून गाडी नरोलीच्या रस्त्याला लागली तेव्हा त्याने एक कागद काढला. इन्स्पेक्टरला माझा जबाब हवा होता. कागदावर लिहिलं होतं, की जाण्याआधी मी सात नंबरचं मशीन तपासलं होतं, दरवाजाचा स्विच चालू होता, आणि ऑपरेटरने दरवाजा टाळून वरच्या बाजूने हात घातला असावा.

"तेरा भी इसमें फायदा है," मॅनेजर म्हणाला. "वायर किसने डाला? तूने. मैंने तो हाथ भी नहीं लगाया."

दुसऱ्या दिवशी मी इन्स्पेक्टरपुढे तेच सांगितलं. तो तरुण अधिकारी होता. त्याने स्वतः दरवाजा सरकवून पाहिला, मशीन थांबलं. पुन्हा लावला, चालू झालं. उलटा बसवलेला खटका उत्तम काम करत होता. मी सही केली.

तिथून मी दवाखान्यात गेलो. गाववाला जागा होता. हाताच्या जागी पांढरं गाठोडं, उशीवर ठेवलेलं. त्याची बायको पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. मला पाहून तो उठायला लागला.

"पडून राहा," मी म्हणालो.

"कधी आले भाऊ?"

"काल."

मी पलंगाजवळचं स्टूल ओढून बसलो. त्यानेच विचारलं, "कसं होतं तिकडे? फोटो काढले की नाही?"

मी नको म्हणालो. तो म्हणाला, "दाखवा ना. दिवसभर पंखा बघून राहिलो मी."

मी फोन त्याच्यापुढे धरला आणि एकेक फोटो सरकवत गेलो. विमान. हॉटेलची खोली. ट्राम. तळं, मासे, दगडी दिवे. झाडाच्या सुया खुडणारा माळी. तळ्याच्या काठी स्वेटर घालून उभा असलेला मी, हसताना.

"भारी आहे," तो म्हणाला. "दादऱ्यासारखंच आहे, पण स्वच्छ." मग जरा थांबून, डोळे फोटोवरच ठेवून, तो म्हणाला, "भाऊ, मी वरून हात नव्हता घातला. दरवाजातूनच घातला. मॅनेजर साहेब येऊन सांगून गेले, की वरून घातला असं लिहायचं. तुम्ही सांगाल ना इन्स्पेक्टरला? तुम्हाला वायरचं माहीत आहे."

"बघतो," मी म्हणालो. जबाब मी दोन तासांपूर्वी दिला होता.

पाच-सहा आठवड्यांनी ते नरोलीची खोली सोडून गावी निघाले. तोपर्यंत कारखान्याने त्याच्याकडून कागद करून घेतले होते. चूक त्याचीच, तरी माणुसकी म्हणून मदत देतोय, अशा अर्थाचे. तो सातवी शिकलेला, सही झोकात करायचा. त्या कागदांवर त्याच्या डाव्या अंगठ्याचे ठसे आहेत.

मी सामान बांधायला मदत करायला गेलो होतो. तो मुलींना घेऊन टेम्पो बघायला खाली गेला. त्याची बायको भांडी पोत्यात भरत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "भाऊ, त्या दिवशी साहेबांनी तुम्हाला फोन केला होता ना?"

मी पोत्याचं तोंड उघडं धरलं.

"पॅकिंगमधली एक बाई तिथंच उभी होती. ती सांगत होती. गाडी येईस्तोवर यांना पॅनलच्या बाजूलाच लादीवर झोपवलं होतं. हे ओरडून राहिले होते, आणि साहेब एका कानात बोट घालून फोनवर बोलत होते. वायर, वायर म्हणून राहिले होते." तिने पोत्याचं तोंड आवळलं. "वीस मिनिटं, भाऊ. दोन माणसं पॅनलमधे डोकं घालून बसली होती. यांच्यापाशी ती पॅकिंगवाली एकटी होती. तिने आपली ओढणी गुंडाळली हाताला."

तेव्हा मला कळलं, की बागेत फोनवर मी ज्याचा आवाज ऐकला तो कोण होता. खरं तर मला तेव्हाच कळलं असावं. आठ वर्षं ज्याचा आवाज रोज ऐकला, तो मला ओळखू आला नाही असं मी स्वतःला कितीही सांगितलं तरी ते पटत नाही.

"हो," मी तिला म्हणालो. "मीच सांगितलं वायर कुठे आहे. स्विच कसा चालू करायचा तेही मीच सांगितलं. आणि जबाबही खोटा दिला."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने पोतं उचलून दाराशी नेऊन ठेवलं. "मग आता हे तुम्ही त्यांना सांगा," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. माझ्याच्याने होणार नाही."

त्या दिवशी मी त्याला सांगितलं नाही. टेम्पो निघाला तेव्हा त्याने पुढच्या सीटवरून डावा हात हलवला आणि मी माझा उजवा.

पुढे पंधरा दिवस मी कामावर जात राहिलो. सात नंबरवर नवा ऑपरेटर आला होता. नंतर एका सकाळी कामावर न जाता मी सिल्वासातल्या इन्स्पेक्टरच्या कार्यालयात गेलो आणि सगळं लिहून दिलं. होळीच्या वेळी वायर टाकली तेव्हापासून मुंबईहून येताना गाडीत मिळालेल्या कागदापर्यंत. त्या तरुण अधिकाऱ्याने दोनदा वाचलं.

"यात पहिलं नाव तुमचंच येतंय," तो म्हणाला. "कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"मॅनेजरने फोन केल्याचा काही पुरावा?"

मी फोन दाखवला. त्या रविवारी त्याचा फोन आल्याची नोंद होती, अकरा मिनिटांची. काय बोललो ते त्यात कुठून दिसणार?

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने गॅस बंद केला. "मी दहा दिवस त्या बाईजवळ बसत होते," ती म्हणाली. "तिच्या मुलींच्या वेण्या घालत होते. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी निदान तिथे कोण म्हणून बसलेय ते मला कळलं असतं." नंतर ती या विषयावर कधी बोलली नाही. अजूनही बोलत नाही.

कारखान्याने मला आठवड्यात काढलं. कोर्टात त्यांचं म्हणणं असं आहे, की मेंटेनन्सच्या माणसाने कुणालाही न विचारता वायर टाकली, मॅनेजरला तिचा पत्ताच नव्हता. त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणून ते खोडून काढणं अवघड जातं. इलेक्ट्रिशियन साक्षीला तयार नाही. त्याला घर चालवायचं आहे. ओढणी गुंडाळणारी ती बाई मात्र येऊन बोलली. तिलाही काढलं. ऑपरेटरची चूक, ही ओळ इन्स्पेक्टरच्या अहवालातून निघाली, गाववाल्याला पुढे थोडी अधिक भरपाई मिळायची वाट झाली. एवढंच आजवर झालं आहे. तारखा पडत राहतात. मी नरोलीच्या रस्त्यावरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये पंप आणि मोटारी दुरुस्त करतो.

गाववाल्याला स्वतःच्या तोंडाने सांगायला मी दिवाळीनंतर त्याच्या गावी गेलो. सुरतहून धुळ्याकडच्या एसटीने, पुढे रिक्षाने. तो ओट्यावर बसला होता. सदऱ्याची उजवी बाही दुमडून पिन लावलेली. मी सगळं सांगितलं. बागेत कुठे बसलो होतो, काय काय म्हणालो, चहा प्यालो तेही. मधे एकदा त्याने फक्त विचारलं, "मी काय म्हणत होतो? ऐकू आलं का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "शब्द नव्हते."

"मला वाटलं, तुमचं नाव घेऊन राहिलो होतो," तो म्हणाला. "भाऊला बोलवा, भाऊला बोलवा. तुम्हीच मशीन उघडाल असं वाटत होतं. तुम्ही तिकडे गेलात, हे ध्यानातच नव्हतं."

त्यानंतर मी आणखी दोनदा गेलो. एकदा कोर्टाचे कागद घेऊन, एकदा नुसताच. तिसऱ्या खेपेला त्याची बायको पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवून आत गेली ती बाहेर आलीच नाही. तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. रस्त्याने कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. एसटी दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "भाऊ, कागद असले तर टपालाने पाठवत जा. तुम्ही इकडे येऊ नका."

मी पिशवी खांद्याला लावली.

"राग नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही येऊन गेले की ही चार-चार दिवस माझ्याशी बोलत नाही. म्हणते, हसून काय बोलता त्यांच्याशी. आता मी तरी काय करू? मला दुसरं बोलता येत नाही तुमच्याशी."

एसटी थांबली. मी चढलो. कंडक्टरने कुठलं तिकीट म्हणून विचारलं आणि मी सुरत म्हणालो. खिडकीतून बघितलं तेव्हा तो वळून गावाकडे चालायला लागला होता.